खटला गाजला, पुस्तक बदलले : ‘इनहेरिट द विंड’ आणि उत्क्रांती शिकवण्याचा वाद

प्रस्तावना

शाळेत उत्क्रांती शिकवावी की बायबलमधील सृष्टीच्या निर्मितीची कथा, हा वाद अमेरिकेत शंभर वर्षे चालू आहे. आपल्यापैकी अनेकांना हा वाद एका नाटकामुळे किंवा त्यावरून निघालेल्या चित्रपटामुळे ठाऊक असतो. ते नाटक म्हणजे जेरोम लॉरेन्स आणि रॉबर्ट ई. ली या दोन लेखकांनी मिळून लिहिलेले ‘इनहेरिट द विंड’. १९५५ साली ते प्रथम डॅलस येथे आणि नंतर त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर आले. १९६० मध्ये स्टॅन्ली क्रेमर यांनी त्यावर चित्रपट काढला. इंग्रजी साहित्याच्या वर्गात ते ‘विचारस्वातंत्र्याचे नाटक’ म्हणून शिकवले जाते, विज्ञानाच्या इतिहासाच्या वर्गात ‘स्कोप्स खटल्यावरील नाटक’ म्हणून त्याचा उल्लेख होतो. या दोन ओळखींत फरक आहे, आणि तो फरक नीट न पाहिल्यामुळे वादाची आपली समज चुकते. प्रस्तुत पाठात आपण तो फरक पाहणार आहोत.

माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगून टाकतो. हे नाटक चांगले आहे. मात्र उत्क्रांतीच्या शिक्षणाचा वाद समजून घेण्यासाठी ते वाईट मार्गदर्शक आहे, कारण ते तुमचे लक्ष कोर्टाकडे वळवते. या वादात खरे काही घडले आहे ते बहुतेक वेळा पाठ्यपुस्तकाच्या पानांवर.

नाटकात काय घडते

हिल्सबरो नावाच्या लहान गावात बर्ट्रम केट्स हा तरुण शिक्षक तुरुंगात आहे. त्याने वर्गात डार्विन शिकवला, आणि राज्याच्या कायद्याने त्याला बंदी आहे. त्याच्याविरुद्ध उभा राहतो मॅथ्यू हॅरिसन ब्रेडी, म्हणजे अध्यक्षपदाची निवडणूक तीनदा हरलेला, वक्तृत्वाने गर्दीला भारून टाकणारा, खादाड आणि श्रद्धाळू नेता. केट्सच्या बाजूने येतो हेन्री ड्रमंड हा नास्तिक म्हणून बदनाम झालेला वकील. त्या दोघांवर शेरेबाजी करायला बाल्टिमोरचा पत्रकार हॉर्नबेक आहे. केट्सची प्रेयसी रेचेल ही गावच्या पाद्र्याची मुलगी, आणि हा पाद्री भर प्रार्थनासभेत केट्सच्या आणि मग पोटच्या मुलीच्याही सर्वनाशाची मागणी करतो. त्या क्षणी त्याला थांबवतो तो ब्रेडीच. बायबलमधील नीतिसूत्रांच्या ज्या वचनावरून नाटकाचे नाव आले आहे, ते ब्रेडी तिथे उच्चारतो. स्वतःच्या घराला त्रास देणाऱ्याच्या हाती शेवटी वारा लागतो, असा त्याचा आशय.

न्यायाधीश ड्रमंडचे शास्त्रज्ञ साक्षीदार नाकारतो. तेव्हा ड्रमंड ब्रेडीलाच बायबलचा तज्ज्ञ म्हणून साक्षीला बोलावतो, आणि प्रश्नामागून प्रश्न विचारून त्याला गर्दीसमोर उघडा पाडतो. केट्स दोषी ठरतो, दंड मात्र किरकोळ होतो. संतापलेला ब्रेडी आपले शेवटचे भाषण करू लागतो, कोणी ऐकत नाही, आणि तो कोसळून मरतो. कोर्ट रिकामे झाल्यावर ड्रमंड एका हातात बायबल आणि दुसऱ्या हातात डार्विनचे पुस्तक घेतो, दोन्हींचे वजन करून पाहतो, आणि दोन्ही आपल्या बॅगेत ठेवून निघून जातो.

डेटनमध्ये काय घडले

आता टेनेसी राज्यातील डेटन या गावाकडे, १९२५ सालाकडे वळू. मार्च १९२५ मध्ये तिथे ‘बटलर कायदा’ लागू झाला. हा कायदा नेमका काय म्हणत होता हे लक्षात घ्या. सरकारी शाळांत आणि विद्यापीठांत, मनुष्याच्या दैवी निर्मितीची बायबलमधील कथा नाकारणारी आणि मनुष्य खालच्या प्राण्यांपासून आला असे सांगणारी उपपत्ती शिकवण्यास त्याने मनाई केली. वनस्पती किंवा बेडूक कसे उत्क्रांत झाले यावर बंदी नव्हती. माणूस मात्र त्यातून वगळायचा होता. दंड शंभर ते पाचशे डॉलर.

अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियन या संघटनेने वर्तमानपत्रात जाहीर केले की या कायद्याला आव्हान देणाऱ्या शिक्षकाचा खर्च आम्ही करू. डेटनच्या काही प्रतिष्ठितांनी औषधाच्या दुकानात बसून विचार केला की हा खटला आपल्याच गावात झाला तर मंदावलेल्या गावाचे नाव होईल. ते दुकान शालेय मंडळाच्या अध्यक्षांचे होते आणि तिथे शाळेची क्रमिक पुस्तकेही विकायला असत. त्यांनी जॉन स्कोप्स या चोवीस वर्षांच्या शिक्षकाला बोलावून घेतले. स्कोप्स फुटबॉलचे प्रशिक्षक होते, आणि जीवशास्त्राच्या शिक्षकाच्या गैरहजेरीत त्यांनी काही दिवस तो विषय घेतला होता. उत्क्रांतीचा धडा आपण प्रत्यक्ष शिकवला का, याबद्दल त्यांची स्वतःचीही खात्री नव्हती. पण राज्याने नेमलेले पुस्तक वर्गात वापरले होते, आणि त्या पुस्तकात उत्क्रांती होती. एवढे पुरेसे होते. ते स्वेच्छेने आरोपी झाले. त्यांना तुरुंगात कोणी टाकले नाही, रेचेल नावाची कोणी प्रेयसी नव्हती, आणि सर्वनाश मागणारा तो पाद्रीही नाटककारांच्या कल्पनेतला. डेटनच्या लोकांनी बचाव पक्षाचे वकील क्लॅरेन्स डॅरो यांचेही चांगले आदरातिथ्य केले.

खटला १० ते २१ जुलै १९२५ असा चालला. शिकागोच्या रेडिओ केंद्राने तो देशभर ऐकवला. सरकारी बाजूला विल्यम जेनिंग्स ब्रायन होते, म्हणजे नाटकातील ब्रेडीचे मूळ. २० जुलैला कोर्टाचे काम उकाड्यामुळे आणि मजला कोसळेल या भीतीने बाहेरच्या हिरवळीवर हलवले गेले, आणि तिथे डॅरोंनी ब्रायन यांची ती प्रसिद्ध उलटतपासणी घेतली. नाटकातील सर्वांत गाजलेला प्रवेश याच तपासणीवर आधारलेला आहे. मात्र ज्यूरीने ती ऐकलीच नाही, आणि दुसऱ्या दिवशी न्यायाधीशांनी ती नोंदीतून काढून टाकली. मग डॅरोंनी स्वतःच ज्यूरीला ‘दोषी’ असा निर्णय द्यायला सांगितले, म्हणजे वरच्या कोर्टात जाता येईल. याचा एक परिणाम असा झाला की ब्रायन यांना समारोपाचे भाषण करता आले नाही. ज्यूरीला नऊ मिनिटे लागली. दंड शंभर डॉलर. पाच दिवसांनी, २६ जुलैला, ब्रायन डेटनमध्येच झोपेत वारले.

नाटकातील ब्रेडी दंड कमी झाला म्हणून चिडतो. प्रत्यक्षात ब्रायन यांचे मत होते की अशा कायद्यात शिक्षाच नसावी, आणि स्कोप्स यांचा दंड आपण भरू असे त्यांनी सांगितले होते. हा बदल लहान दिसतो, पण नाटककारांना काय हवे होते ते त्यातून कळते. त्यांना छळणारा माणूस हवा होता.

नाटककारांना हा माणूस का हवा होता

याचे उत्तर १९५५ या वर्षात आहे. सिनेटर मॅकार्थी यांच्या काळात अमेरिकेत लेखक, प्राध्यापक, नट यांना चौकशी समित्यांपुढे उभे करून त्यांच्या मतांबद्दल जाब विचारला जात होता. लॉरेन्स आणि ली यांना त्याबद्दल लिहायचे होते, आणि तीस वर्षांपूर्वीचा एक खटला त्यांना आडोसा म्हणून सापडला. आर्थर मिलर यांनी ‘द क्रूसिबल’मध्ये सतराव्या शतकातील चेटकिणींचे खटले ज्या कारणासाठी वापरले, तेच कारण इथे आहे. लेखकांनी प्रस्तावनेतच हे नाटक म्हणजे इतिहास नव्हे असे सांगितले, सगळ्यांची नावे बदलली, आणि काळही नेमका दिला नाही. त्यांच्यावर अप्रामाणिकपणाचा आरोप करणे अन्यायाचे होईल. चूक वाचकांची, आणि पुष्कळदा शिक्षकांची: नाटक हातात असले की खटल्याच्या नोंदी कोण वाचतो?

पण लेखकांचा हेतू समजला म्हणून समीक्षकाचे काम संपत नाही. या नाटकात उत्क्रांती कुठे आहे ते शोधा. पहिल्याच प्रवेशात एक मुलगा एका मुलीला ‘तू पूर्वी किडा होतीस’ अशा अर्थाचे काहीतरी म्हणून चिडवतो. पुढे तोच मुलगा साक्षीत, पृथ्वी आधी तापलेली होती, मग थंड झाली, मग बारीक जीव आले, असे शिकलेले सांगतो. शास्त्रज्ञांना बोलू दिलेच जात नाही. नैसर्गिक निवड म्हणजे काय, डार्विनपाशी कोणते पुरावे होते, हे संपूर्ण नाटकात कोणीही सांगत नाही. ड्रमंड विचार करण्याच्या अधिकाराचा बचाव करतो, आणि फार सुंदर करतो. उत्क्रांती खरी आहे असे मात्र तो कुठेही सिद्ध करत नाही, तशी त्याला गरजही पडत नाही. केट्सने वर्गात दुसरे कोणतेही निषिद्ध मत शिकवले असते तरी नाटकाचे काही बिघडले नसते.

प्रत्यक्ष खटल्यात परिस्थिती थोडी वेगळी होती. मेनार्ड मेटकाफ या प्राणिशास्त्रज्ञाची साक्ष ज्यूरीच्या गैरहजेरीत का होईना, झाली. इतर शास्त्रज्ञांची निवेदने लेखी स्वरूपात नोंदवली गेली. मेटकाफ स्वतः श्रद्धाळू ख्रिश्चन होते. असा माणूस नाटकात आला असता तर सगळी मांडणीच हलली असती, कारण नाटकाला एका बाजूला श्रद्धा आणि दुसऱ्या बाजूला बुद्धी अशी सरळ रेघ हवी आहे. तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ तुम्ही वाचले असेल. तिथे कोर्ट मुळातच लुटुपुटीचे आहे, त्यामुळे प्रेक्षक पहिल्यापासून सावध असतो. ‘इनहेरिट द विंड’मधले कोर्ट खरे वाटते, आणि धोका तिथेच आहे.

ब्रायन यांना कशाची भीती होती

नाटकातील ब्रेडी फक्त बायबल वाचतो आणि दुसरे काही वाचणार नाही असे अभिमानाने सांगतो. खऱ्या ब्रायन यांचे आक्षेप यापेक्षा अधिक गुंतागुंतीचे होते. ते शेतकऱ्यांचे आणि कष्टकऱ्यांचे नेते होते. परराष्ट्रमंत्री असताना अमेरिका युद्धाकडे ओढली जाते आहे असे वाटल्यावरून त्यांनी १९१५ मध्ये राजीनामा दिला होता. बलवानाने दुर्बळाला चिरडणे हा निसर्गाचाच नियम आहे, अशी शिकवण जर्मन लष्करशाहीच्या आणि निर्दय धंद्याच्या मुळाशी आहे अशी त्यांची समजूत झाली होती. ही डार्विनची शिकवण नव्हे. पण डार्विनच्या नावाने ती सांगणारे लोक त्या काळी खूप होते, आणि त्यांतले काही क्रमिक पुस्तके लिहीत होते.

डेटनमध्ये वापरलेले पुस्तक होते जॉर्ज विल्यम हंटर यांचे ‘अ सिव्हिक बायॉलॉजी’, १९१४ साली प्रसिद्ध झालेले. विचारस्वातंत्र्याच्या त्या महान लढ्यात ज्या पुस्तकाचा बचाव झाला, ते हेच. त्यात उत्क्रांतीची पाने आहेत. त्याच पुस्तकात मानवाच्या पाच वंशांची उतरंड आहे आणि युरोप-अमेरिकेतील गोरे लोक सर्वांत वरच्या पायरीवर आहेत. त्याच पुस्तकात सुप्रजननाचा पुरस्कार आहे. काही कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या गुन्हेगार आणि मंदबुद्धी असतात, ती समाजावर जगणाऱ्या बांडगुळांसारखी आहेत, त्यांना वेगळे ठेवावे आणि त्यांची संतती थांबवावी, असे शाळकरी मुलांना सांगितले आहे. ही पुस्तकी बडबड नव्हती. १९२७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘बक विरुद्ध बेल’ या खटल्यात सक्तीच्या नसबंदीचा कायदा वैध ठरवला.

ब्रायन यांनी याविरुद्ध आवाज उठवला, असे मी लिहिले असते तर लेख छान जुळून आला असता. पण १६ जुलैच्या भाषणात हंटर यांचे पुस्तक त्यांच्या हातात होते, आणि त्यांनी बोट ठेवले ते एका आकृतीवर. त्या आकृतीत प्राण्यांचे निरनिराळे गट लहानमोठ्या वर्तुळांनी दाखवले होते, आणि माणूस सस्तन प्राण्यांच्या वर्तुळात इतर हजारो जातींसोबत, वेगळे नावही न देता, बसवला होता. माणसाला असे वर्तुळात कोंडले याचा त्यांना राग आला. खरे पाहता त्या पुस्तकातील सर्वांत निर्दोष गोष्टींपैकी ती आकृती एक होती. माणूस सस्तन प्राणी आहे, आणि हजारो जातींपैकी एक आहे. पुढच्या पानांवरील उतरंड खोटी होती. भाषणाचा भर पडला तो वर्तुळावर.

आणि बचाव पक्ष? पुस्तकाचा तो भाग त्यांच्याही दृष्टीने वादाचा विषय नव्हता. दोन्ही बाजूंनी एकच पुस्तक हातात धरले होते आणि दोघांनीही ते वाचले नाही असे म्हणावेसे वाटते. नाटककारांनी तर पुस्तकच काढून टाकले. त्यांच्या रंगमंचावर हंटर नाहीत, थेट डार्विन आहे. समीक्षक म्हणून मला या नाटकातील ही सर्वांत मोठी गाळलेली जागा वाटते.

खटल्यानंतर काय झाले? टेनेसीच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२७ मध्ये स्कोप्स यांची शिक्षा रद्द केली, पण कारण तांत्रिक होते: पन्नास डॉलरहून अधिक दंड ज्यूरीने ठरवायला हवा होता, तो न्यायाधीशांनी ठरवला होता. कायदा मात्र वैध राहिला, आणि १९६७ पर्यंत पुस्तकात टिकला. हंटर यांच्या पुस्तकाची नवी आवृत्ती १९२६ मध्ये निघाली तेव्हा उत्क्रांतीचे नाव तिच्यातून गेले होते. इतर प्रकाशकांनीही हा विषय आक्रसून टाकला. डॅरो जिंकले अशी सर्वत्र समजूत होती. पुढची तीसेक वर्षे अमेरिकी मुलांच्या हातातील पुस्तके काही वेगळेच सांगत होती. १९५७ मध्ये सोव्हिएत रशियाचा स्पुटनिक आकाशात गेला, विज्ञानशिक्षणात आपण मागे पडलो अशी भीती अमेरिकेला वाटली, आणि त्यानंतर सरकारी मदतीने तयार झालेल्या जीवशास्त्राच्या पुस्तकांत उत्क्रांती ठळकपणे परतली.

दोन पुस्तके, एक बॅग

आता नाटकाच्या शेवटच्या दृश्याकडे परत येऊ. ड्रमंड बायबल आणि डार्विन यांचे वजन करतो आणि दोन्ही सोबत नेतो. त्याआधी तो हॉर्नबेकला झापतो, ब्रेडीच्या मृत्यूची थट्टा करू नकोस, त्या माणसात मोठेपण होते, असे सांगतो. नाटकातील हा भाग मला सर्वांत आवडतो. विरोधकाविषयी करुणा बाळगणारा विजेता रंगभूमीवर फार वेळा दिसत नाही.

तरीही त्या दोन पुस्तकांचे वजन सारखे भरावे, यात पुढच्या काळाची एक विचित्र सावली आहे. १९६८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘एपर्सन विरुद्ध आर्कान्सा’ खटल्यात उत्क्रांतीवरील बंदी घटनाबाह्य ठरवली. बंदी गेली म्हटल्यावर विरोधकांनी मागणी बदलली. आता ते म्हणू लागले, दोन्ही शिकवा. सृष्टिवाद हेही विज्ञानच आहे, त्याला समान वेळ द्या. लुइझियानाने १९८१ मध्ये तसा ‘समतोल वागणुकी’चा कायदा केला, आणि १९८७ मध्ये ‘एडवर्ड्स विरुद्ध अ‍ॅग्विलार्ड’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तोही रद्द केला. समान वेळ हा शब्द ऐकायला न्याय्य वाटतो. तुमच्या मित्राशी वाद झाला तर तुम्हीही म्हणाल, दोन्ही बाजू ऐकू या. पण वकिलाची बॅग आणि जीवशास्त्राचा वर्ग या एक जागा नाहीत. बॅगेत माणूस त्याला हवी ती दोन पुस्तके ठेवू शकतो. वर्गात प्रश्न असा असतो की कोणत्या विधानाला पुरावा आहे आणि ते विधान चुकीचे ठरवता येईल अशी एखादी तपासणी आहे का.

हेही लक्षात घ्या की सृष्टिवाद म्हणजे एकच अखंड मत नव्हे. डेटनच्या हिरवळीवर ब्रायन यांनी मान्य केले होते की निर्मितीचे सहा दिवस म्हणजे चोवीस तासांचे दिवस असतीलच असे नाही. पृथ्वीचे वय काही हजार वर्षे आणि सर्व खडक एका जलप्रलयातून, ही भूमिका अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर पसरली ती १९६१ मध्ये व्हिटकॉम्ब आणि मॉरिस यांच्या ‘द जेनेसिस फ्लड’ या पुस्तकानंतर. ज्याला आपण प्राचीन श्रद्धा समजतो तिचे आजचे रूप नाटकापेक्षाही वयाने लहान आहे.

डोव्हर : ब्रेडी नसलेला खटला

पेनसिल्व्हेनियातील डोव्हर या गावी २००४ मध्ये शालेय मंडळाने ठराव केला की नववीच्या जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांना एक निवेदन वाचून दाखवावे. डार्विनच्या उपपत्तीत उणिवा आहेत, ‘बुद्धिमान रचना’ हे पर्यायी स्पष्टीकरण आहे, आणि ‘ऑफ पांडाज अँड पीपल’ हे पुस्तक त्यासाठी उपलब्ध आहे, असा त्याचा आशय. विज्ञानाच्या शिक्षकांनी ते वाचायला नकार दिला. शेवटी प्रशासकांनी वर्गात येऊन वाचले. अकरा पालक कोर्टात गेले.

इथे नाटक शोधणाऱ्याची निराशा होते. सहा आठवड्यांचा खटला, ज्यूरी नाही, हिरवळ नाही, कोणी कोसळून पडले नाही. न्यायाधीश जॉन ई. जोन्स यांची नेमणूक रिपब्लिकन अध्यक्ष बुश यांनी केलेली. २० डिसेंबर २००५ रोजी त्यांनी १३९ पानांचे निकालपत्र दिले आणि ‘बुद्धिमान रचना’ म्हणजे विज्ञान नव्हे, तो सृष्टिवादच आहे, असे ठरवले.

हा निर्णय घडवण्यात एका साध्या पाठचिकित्सेचा मोठा वाटा होता, आणि साहित्याच्या विद्यार्थ्यांनी त्याकडे खास लक्ष द्यावे. तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापक बार्बरा फॉरेस्ट यांनी ‘पांडाज’ पुस्तकाचे जुने खर्डे कोर्टापुढे ठेवले. १९८७ च्या निकालाआधीच्या खर्ड्यांत ‘सृष्टिवाद’, ‘सृष्टिवादी’ असे शब्द होते. निकालानंतर सुमारे १५० ठिकाणी ते काढून ‘रचना’ आणि ‘रचनेचे समर्थक’ असे शब्द घातले गेले. व्याख्या जवळजवळ तीच राहिली. एका ठिकाणी बदल करणाऱ्याचा हात घसरला. जुन्या इंग्रजी शब्दाचे पहिले अक्षर पुढे तसेच उरले, शेपूट मागे उरले, आणि मधे नवा शब्द बसला. मराठीत ‘सृष्टिवादी’ खोडून ‘रचनासमर्थक’ लिहिताना ‘सृरचनासमर्थकवादी’ असे काहीतरी छापून यावे, तसे. जीवाश्मशास्त्रज्ञ ज्याला दोन रूपांमधला दुवा म्हणतात, तो इथे मुद्रिताच्या चुकीत सापडला होता! हस्तलिखितांच्या प्रती ताडून पाहणारा आपला कोणताही संतसाहित्याचा अभ्यासक हे काम ओळखेल. पाठभेद कुठे आहे, कधी झाला, का झाला, एवढेच विचारायचे असते.

त्याच ‘पांडाज’ पुस्तकाने देवमाशांचे उदाहरण घेऊन सांगितले होते की जमिनीवरील सस्तन प्राणी आणि देवमासे यांना जोडणारे स्पष्ट जीवाश्म नाहीत. पुस्तकाची दुसरी आवृत्ती १९९३ ची. १९९४ मध्ये पाकिस्तानात सापडलेल्या, पायांनी चालू आणि पोहू शकणाऱ्या अ‍ॅम्ब्युलोसिटसचे वर्णन प्रसिद्ध झाले. निकालानंतर दोन वर्षांनी, २००७ मध्ये, जम्मूच्या कालाकोट भागातील खडकांतून मिळालेल्या इंडोहायस या छोट्या, हरणासारख्या प्राण्याच्या हाडांचा अभ्यास पुढे आला. ते खडक भारतीय भूवैज्ञानिक ए. रंगा राव यांनी गोळा केलेले होते. देवमाशांच्या पूर्वजांची ही कहाणी आपल्या उपखंडातल्या दगडांत लिहिलेली आहे, आणि अमेरिकेतील वादात ती पुरावा म्हणून वापरली जाते. आपल्याकडील किती पदवीधरांना ती ठाऊक आहे?

आपल्या वर्गाकडे पाहताना

इथे एक सावधगिरी आवश्यक आहे. अमेरिकेचा वाद उचलून भारतावर जसाच्या तसा बसवता येत नाही. आपल्याकडे बटलर कायदा कधी नव्हता आणि उत्क्रांतीला विरोध करणारी संघटित शालेय चळवळही त्या प्रमाणात नव्हती. जानेवारी २०१८ मध्ये तत्कालीन केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी औरंगाबाद येथे डार्विनचा सिद्धांत वैज्ञानिकदृष्ट्या चुकीचा असल्याचे आणि तो शाळा-महाविद्यालयांतून बदलला पाहिजे असे म्हटले. देशातील तिन्ही विज्ञान अकादम्यांनी एकत्र निवेदन काढून ते खोडून काढले. त्या आठवड्यात ब्रेडी आणि ड्रमंड यांची आठवण अनेकांना झाली असेल.

मग २०२३ आले. एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ असा जो धडा होता, त्यातून उत्क्रांतीचा भाग निघाला आणि धड्याचे नाव नुसते ‘आनुवंशिकता’ राहिले. कारण धर्माचे दिले गेले नाही. कोविडच्या काळात विद्यार्थ्यांवरील भार कमी करण्यासाठी अभ्यासक्रमाची काटछाट झाली होती, तिचा हा भाग असे सांगितले गेले, आणि बारावीच्या जीवशास्त्रात हा विषय आहेच असेही. अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ, शिक्षक व नागरिकांनी हा भाग परत घ्यावा अशी विनंती करणाऱ्या पत्रावर सह्या केल्या. त्यांचा मुद्दा साधा होता. दहावीनंतर वाणिज्य, कला किंवा जीवशास्त्राविना विज्ञान घेणाऱ्या मुलाला शाळेत उत्क्रांती पुन्हा भेटणार नाही. हेतूबद्दल तुमचे माझे मत काहीही असो, त्या मुलाच्या बाबतीत परिणाम सारखाच आहे. हंटर यांच्या १९२६ च्या आवृत्तीच्या वाचकाला काय माहीत होते की आदल्या आवृत्तीत काही वेगळे होते?

या घटनेवर नाटक लिहिणे अवघड आहे. आरोपी नाही, फिर्यादी नाही, भाषण करता करता कोसळणारा कोणी नाही. आहेत त्या एकाच पुस्तकाच्या दोन आवृत्त्या.

म्हणून या पाठासोबतचे काम नाटकावरचे नाही. तुमची दहावी ज्या मंडळाची झाली, त्याचे विज्ञानाचे पुस्तक शोधा. जुने आणि नवे असे दोन्ही मिळाले तर उत्तम. ज्यांनी महाराष्ट्र राज्य मंडळातून २०१८ च्या अभ्यासक्रमाने दहावी केली, त्यांच्या ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान’ भाग २ मधील पहिलाच धडा ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा आहे. ज्यांनी केंद्रीय मंडळातून केली, त्यांनी आपल्या प्रतीचे छपाईचे वर्ष पाहावे. मग धडा उघडून दोन गोष्टी नोंदवा: त्यात माणूस कोणत्या वर्तुळात काढला आहे, आणि कुठे पायऱ्यांची शिडी काढली आहे का. हंटर यांच्या पुस्तकात दोन्ही होते.